दोन बटणांचा बंदोबस्त

मंगळवार, परवा पौर्णिमा.

नीले, हे पान पुढं कधी वाचशील तेव्हा आज काय केलंस ते विसरलेली असशील, म्हणून मी, तुझी आज्जी, सांगते ते तुझ्याच हातानं लिहून ठेव.

दुपारी तासभर मी माझ्या आईचं सांगितलं. मला कारखान्यात पहिल्या दिवशी सोडताना ती काय काय बोलली ते. तू ते कॉम्प्युटरवर तुझ्या त्या काळ्या खिडकीत, टर्मिनलात, टाइप करत होतीस. एक शब्द पुसायला कंट्रोल आणि डब्ल्यू दाबलंस आणि खिडकीच मिटली. सेव्ह केलं नव्हतंस. ऑफिसच्या मशीनवर त्याच दोन बटणांनी नुसता शब्द पुसतो म्हणे. हितं आख्खी आई पुसली.

“आज्जी, आता लक्षात ठेवते की,” म्हणालीस. लक्षात? काल दूध गॅसवर ठेवून कोण विसरलं? कारखान्यात मशीनच्या ज्या दांड्याला चुकून हात लागायचा, त्याला आमी चिंधीनं बांधून टाकायचो. हाताला शिकवत बसायचो न्हाय. “ती दोन बटणं बांध,” म्हटलं.

सेटिंगात जाऊन तू ती जोडी बंद केलीस. मी तीनदा दाबायला लावली. खिडकी जागची हलली न्हाय.

आता आई परत सांगायची. दुपारच्यासारखी येईल का? वाकडी येईल, पण येईल. माझ्याशिवाय ती आता कुणाच्याच डोक्यात न्हाय.

उद्या सकाळीच बसू. सैपाकाला मी उठणार न्हाय. करमाळ्याला तुझ्या आत्याला फोन लाव. पहिल्या एसटीनं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पाठव म्हणावं. चटणी कोरडी दे म्हण, नीलीला एका हातानं खात टाइप करायचं हाय.