चौथं गाणं तुझं नव्हतं, व्यंकट

प्रिय व्यंकट,

तू गेल्यापासून मनातल्या मनात तुझ्याशी भांडतेच आहे. आज लिहून भांडते, कारण दुपारी मुंबईहून रेकॉर्ड कंपनीचा फोन आला. आपल्या 'धोटा' बँडची रेकॉर्ड त्यांना पुन्हा काढायचीय, आणि कव्हरच्या मागे त्या समीक्षकाचा उतारा छापायचाय. कुणाचा, कळलं ना?

रेकॉर्ड पहिल्यांदा आली तेव्हा त्यानं आपल्याला बापाचे कपडे घालून मिरवणारी पोरं म्हटलं होतं. अर्धा लेख तर तुझ्या लांब केसांवर आणि बेलबॉटमवरच. पन्नास वर्षांपूर्वीच्या विलायती रॉकची सोलापुरी नक्कल, असं म्हणून तो मोकळा झाला. त्यानंतर पुण्याच्या महोत्सवातून आपलं नाव गळलं. आपला इरफान तर बेस गिटार विकायला निघाला होता.

आणि तू? अक्कलकोट रोडवरच्या त्या बंद पडलेल्या यंत्रमागाच्या कारखान्यात, जिथं आपण तिघांनी एकत्र उभं राहून एका दमात गाणी रेकॉर्ड केली, तिथंच बसून हसलास. म्हणालास, "अगं, जुनंच हाय की. मला जुनंच आवडतं. त्यात लपवायचं काय?"

हेच त्याला का नाही कळवलंस? मी उत्तर लिहिते म्हटलं, तर मलाही अडवलंस. तुझ्या त्या शांतपणाचा मला अजून राग येतो. ताप अंगावर काढलास, दवाखान्यात जायचं टाळत राहिलास, त्याचा तर फारच.

तू गेलास आणि थोड्याच दिवसांत त्याच माणसाचा दुसरा लेख आला. आता तू काळाच्या पुढचा! आता त्याच गाण्यांत त्याला बंडखोरी दिसली. रेकॉर्ड तीच रे. एक सूर बदललेला नाही.

शोकसभेला मुख्य वक्ता म्हणून त्यालाच बोलावलं होतं. चांगला बोलत होता, खोटं कशाला सांगू. मग चौथ्या गाण्यावर आला. म्हणाला, इथं व्यंकटचा आवाज कापतो, त्याला मरणाची चाहूल लागली होती. लोक डोळे पुसायला लागले.

चौथं गाणं मी गायलंय ना रे! ड्रम वाजवत गाताना दम लागला, म्हणून आवाज कापला. जाडा आवाज माझा, म्हणून त्यानं तो तुझा समजला.

मी उभी राहिले. "सर, ते गाणं मी गायलंय."

तो समजूतदारपणे हसला. अशा वेळी माणसं भावनेच्या भरात बोलतात, असं काहीतरी म्हणाला. संयोजक मला बसायची खूण करायला लागले. तेव्हा पहिल्या रांगेतून तुझी आई बोलली. घरी तेलुगूशिवाय न बोलणारी तुझी आई, सगळ्या सभेसमोर मराठीत.

"तिला बसवू नका. माझ्या पोराचा आवाज मला कळतो. ह्यो अरुणाचा हाय."

त्यानं पाण्याचा घोट घेतला, रेकॉर्डिंग जुन्या पद्धतीचं असल्यानं गल्लत होते म्हणाला आणि भाषण पुढं चालू केलं. माफी नाही की काही नाही.

तेव्हा मला कळलं, व्यंकट. पहिल्या वेळी त्यानं तुझे केस बघून लिहिलं, दुसऱ्या वेळी फोटोला घातलेला हार बघून. ऐकलं एकदाही नाही. त्यानं शिव्या दिल्या तेव्हा इतका राग आला नव्हता, जितका या कौतुकाचा येतो.

कंपनीला मी 'नाही' म्हणून सांगितलं. त्याच्या कौतुकाचा तो उतारा नसेल तर रेकॉर्ड निघणार नाही, असं ते म्हणाले. मी फोन इरफानकडे दिला, तोही नाहीच म्हणाला. म्हणजे आता रेकॉर्ड निघणार नाही. तू असतास तर म्हणाला असतास, छापू दे की, काय बिघडतंय. बिघडतं, व्यंकट!

एवढा शब्द देते. जो कुणी तुझ्याबद्दल विचारेल, त्याला खरं तेच सांगेन. व्यंकटला जुनी गाणी लई आवडायची. कडव्यात शिरायला तो नेहमी जरा उशीर करायचा. आणि गाताना तो खूश असायचा. मी जिवंत आहे तोवर तुला कुणाला महान करू देणार नाही.

तुझ्यावर चिडलेली,
अरुणा