दिवाळीपासून वारं न्हाई

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज बी आलं न्हाई. देवापुढं बसले, केस सोडले, मळवट भरला, कवड्याची माळ घातली. हलगी वाजली. उदाचा धूर डोळ्यात गेला. घुमले. दिवाळीपासून अशीच घुमते. अंगात देवीचं वारं काहीच न्हाई, नुसती मान दुखते.

मधीच कोंबडी हरभऱ्यात घुसली. अंगणात वाळू घातलेला. माझ्या तोंडून निघालं, "हुस्स! मेले, सगळा हरभरा खाऊन राह्यली!" हलगी थांबली. म्हणलं, संपलं आता. तर सासू हात जोडून म्हणे, "बघा, आईला आपल्या रानाची केवढी काळजी!" सगळे पाया पडले. धाकटा दीर बबन दोनदा पडला.

हसू बी आलं न्हाई मला.

६ फेब्रु., गुरुवार

चौथी शिकलेल्या बाईनं कशाला लिहावं. पण पहिले वारं उतरलं की मला काहीच ध्यानात राहत नव्हतं. लोक सांगायचे, आई, तू असं बोलली. आता सगळं ध्यानात राहतं. बोलणारी मीच ना.

पहिल्यांदा आलं ते पिंपळगावला, रेणुकाईच्या यात्रेत. नवी नवरी होते. गर्दीत उभी होते, तळपायाला मुंग्या आल्या. मंग एकदम तोंडावर पाणी मारलेलं आठवतं. मधलं काही न्हाई. तवापासून मंगळवारी मी आई. सासू बी पाया पडती. बुधवारी परत "कौसे, शेण भरलं का?"

दिवाळीपासून माझ्याच डोक्यातलं सांगते. एकाला म्हणलं दारू सोड. एकीला म्हणलं इथं लिंबू काय आणती, दवाखान्यात जा. गेली. बरी झाली. फरक कुणाला कळला न्हाई. ह्याचाच राग येतो जास्त. इतके वर्सं बोलली ती कोण मंग? तवा बी मीच असले तर

दूध उतू गेलं.

८ फेब्रु., शनिवार

बबननं शीतलला जालन्याहून घरी आणलं, गादी-पेटीसकट. शीतल त्याची थोरली पोरगी. नर्सिंगचं दुसरं वर्स. वडीगोद्रीकडचं स्थळ आलं, रोडला हार्डवेअरचं दुकान. त्याहिला सून शिकणारी नको, नोकरीवाली तर बिलकुल नको. लगीन जल्दी पाहिजे. बबन म्हणतो, मंगळवारी आईला विचारतो, ती बोलल ते फायनल.

सांजच्याला पोरगी चुलीपाशी येऊन बसली.

"मोठी आई, मागं तुम्ही घुमता घुमता पाय खाजवला. मुंगी चावली होती."

"मंग?"

"पहिले तुमच्या तळहातावर कापूर जळायचा, तरी तुम्हाला कळायचं न्हाई."

भाकर करपली माझी. एवढ्या गावात एकीला कळलं, ती बी ह्या चिमटीएवढ्या पोरीला.

"कुणाला बोललीस?"

"न्हाई. बोलणार बी न्हाई. फक्त मंगळवारी म्हणा, पोरीला शिकू दे. एवढंच."

"त्याला मंगळवार कशाला पाहिजे? उद्या मीच सांगते तुझ्या बापाला."

"तुमचं कोण ऐकतं, मोठी आई?"

खरं बोलली. थोबाडीत द्यावी वाटली.

९ फेब्रु., रविवार

बबनला विहिरीवर गाठलं. मोटर चालू करून राह्यला होता. म्हणलं, "पोरीचं शिक्षण निम्म्यावर आलं. पुरं करू दे. लगीन काय पळून चाललं का?"

"वहिनी, तुम्हाला ह्यातलं काय कळतं? चहा पाठवून द्या."

"अरे, मी सांगून राह्यले ना—"

"मंगळवारी आईला विचारतो. ती न्हाई म्हणली तर तिथल्या तिथं नकार कळवतो. वडीगोद्रीचा राजा असला तरी."

आई मीच. वहिनी बी मीच. तोंड एकच, त्यानं रोज बघितलेलं.

चहा पाठवला न्हाई.

१० फेब्रु., सोमवार

दिवसभर तेच डोक्यात. उद्या घुमून एक वाक्य बोलायचं, पोरगी सुटली. दिवाळीपासून बोलतेच की, त्यात एकाची भर. पण मंग परत देवीचंच ऐकलं, माझं न्हाई. मरेपर्यंत माझं तोंड तिलाच वापरायला.

अन खरं बोलले तर पोरगी गेली हार्डवेअरच्या गल्ल्यामागं.

मला काय पाहिजे? पोरगी शिकली पाहिजे, का माझं ऐकलं पाहिजे? विचारलं सोताला बराबर. भांडी घासली. परत घासली.

११ फेब्रु., मंगळवार

बसले. केस सोडले न्हाईत. हलगी थांबवायला सांगितली. बबन पुढं येऊन बसला, "आई, पोरीचं काय करू?"

म्हणलं, "आई न्हाई, वहिनी आहे. दिवाळीपासून मला वारं आलं न्हाई. एवढे दिस मीच बोलले. ती कोंबडी बी मीच हाकलली. आता बी मीच सांगते, शीतलला शिकू दे."

शीतलनं कपाळावर हात मारून घेतला. माझे मालक उठून तंबाखू थुंकायला बाहेर गेले.

मंग सासू बोलली, "रुसली आई. औंदा यात्रेला गेलो न्हाई आपण."

सगळ्याला पटलं. बबन परत पाया पडला. "आई, रुसू नको. तू बोलत न्हाई तवर मी कुणाला सबूद देत न्हाई."

"अरे, मी वहिनी!"

"हाव, आई."

१४ फेब्रु., शुक्रवार

रुसवा काढायला मला पिंपळगावला नेलं. ओटी भरली. संबळ वाजला. सगळे माझ्याकडं बघून राह्यले, चुलीवरच्या दुधाकडं बघावं तसं. काही न्हाई. फरशी पायाला गार लागली तेवढी.

देवीला मनात म्हणलं, तू होती का मी होते, एकदा सांगून टाक. शेंदरात दोन मोठाले डोळे. मागून बाई म्हणे, "अहो, सरका पुढं."

येताना हॉटेलात मालक बशीत चहा ओतता ओतता म्हणले, "मंगळवारी मी तुला भ्यायचो. दिवाळीनंतर बी भेलोच. मला तर काही कळलं न्हाई."

"मंग आता?"

"आता कुणाला भ्यावं ते समजंना."

फुर्र करून चहा पिले. लग्नापासून इतकं बोलले नव्हते माझ्याशी.

१७ फेब्रु., सोमवार

वडीगोद्रीवाल्याचा फोन आला. बबन म्हणला, "आमची आई बोलली न्हाई अजून, थांबा." अन पोरीला म्हणला, "तवर घरी बसून काय करती? जा कॉलेजला."

एसटीला बसवायला मी गेल्ते. चढता चढता पोरगी कानाशी म्हणली, "मोठी आई, आता वर्सभर तोंड उघडू नका."

हसले. गाडी गेल्यावर हसू राह्यलं न्हाई. मी खरं बोलले ते कुणी ऐकलं न्हाई, अन पोरगी तर गेली. ही जीत कुणाची? देवीला तरी कळती का?

१८ फेब्रु., मंगळवार

सकाळी न्हाले. नळाला पाणी भरून राह्यले होते, तळपायाला मुंग्या आल्या. बसल्यावर पाय अवघडतो तशा न्हाई. उभी होते. त्या यात्रेतल्यासारख्या, बराबर तशाच.

आली तर ती काय बोलल ते मला ठावं न्हाई. कधीच नव्हतं. शिकू दे म्हणल, का वडीगोद्रीला दे म्हणल. उतरल्यावर लोक मला सांगतील, आई, तू असं बोलली. अन तोवर बबनचा फोन गेलेला असल.

मुंग्या घोट्यापर्यंत आल्या. दारात बबनची गाडी वाजली. सासू म्हणती, "कौसे, चल," अन जीभ चावती, "आई, चल."

केस ओले आहेत. ओलेच बांधून राह्यले, गच्च. गाठ बसंना, परत मारते.