बारका मणी

आबा, इथे द्राक्षाचा मणी बारका लागतो. ऐकूनच तुमच्या कपाळाला आठी पडली असेल, मला माहीत आहे. तुमचं सगळं आयुष्य मणी फुगवण्यात गेलं. खोडाची साल गोल काढून गर्डलिंग करा, मणी फुगवायच्या जीएच्या पाण्यात घड बुडवा, विरळणी करा, पाणी तोडू नका, आणि व्यापारी आला की घड तळहातावर तोलून त्याच्या तोंडासमोर धरा. आणि मी इथे कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोपासून तीन तास गाडी हाणून डोंगरातल्या एका बागेत जाते, तिथे एक म्हातारी ग्रीक बाई मला शिकवते की वेलीला उपाशी ठेव, पाणी मागितलं तरी देऊ नकोस, मणी वाटाण्याएवढा राहू दे. कारण तिची द्राक्षं खायची नाहीत, वाइनची आहेत. झालं, सांगून टाकलं. आता उठून जाऊ नका, पुढचं ऐका. ही बाग तू घे असं ती मला म्हणाली, आणि छाटणीच्या आधी उत्तर मागितलं. ते काय दिलं ते सांगायलाच बसले आहे, पण माझ्या पद्धतीने सांगते.

तिथे मी पहिल्यांदा गेले ती ड्रायव्हर म्हणून. ऑफिसातल्या मैत्रिणींचा ग्रुप वर्षातून एकदोनदा वाइन टेस्टिंगला जातो, आणि न पिणारी मी एकटीच, त्यामुळे गाडी कायम माझ्याकडे. 'तुझ्यासारखी मैत्रीण पाहिजे यार,' म्हणत सगळ्या निवांत. का पीत नाहीस असं कोणी विचारलं की मी ॲलर्जी आहे म्हणून सांगते. माझ्या वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ होती हे इंग्रजीत सांगायला गेलं की फार लांबण लागते. तर त्या दिवशी त्या आत ग्लास फिरवत बसल्या होत्या आणि मी बाहेर ओळींमधून हिंडत होते. मंडप नाही, नुसत्या तारा, वेली छातीएवढ्या. हिंडता हिंडता माझे हात बगलफूट कधी खुडायला लागले, मलाच कळलं नाही. पानाच्या बेचक्यातून फुटलेली कोवळी फूट चिमटीत धरायची आणि बाजूला मोडायची, टक् असा आवाज येतो. अर्धी ओळ झाली असेल, तेवढ्यात मागून आरडाओरडा. पांढरे केस, पुरुषी बूट, हातात पिंपं धुवायचा पाइप. 'माझ्या वेलींना काय करतेस तू?' मी घाबरून हातातली फूट पाठीमागे लपवली, पन्नाशीला आलेली बाई मी! तिने ओळ बघितली, मग माझे हात बघितले. 'कुणाची मुलगी आहेस?' असं विचारलं. अमेरिकेत इतकी वर्षं काढली, हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी तुमचं नाव सांगितलं, जसं काही ती तुम्हाला ओळखत होती.

तेव्हापासून एकाआड एक शनिवारी मी तिच्याकडे जाते. मी तिला मावशी म्हणते. उत्तर ग्रीसमधल्या डोंगरातल्या गावची ती. नवऱ्याबरोबर इथे आली, आणि आजूबाजूचे सगळे फ्रेंच जाती लावत असताना या दोघांनी हट्टाने गावाकडच्या जातींची कलमं मिळवून लावली. नवरा गेला, हिचा हट्ट काही गेला नाही. तिच्याकडे एक आसिर्तिको आहे, पांढरं, सांतोरिनी बेटावरचं. तिकडे एवढा वारा, की वेल वर चढवतच नाहीत. जमिनीलगत गोल गोल वळवून तिची चुंबळ करतात आणि घड त्या चुंबळीच्या आत पिकतात. उन्हाळाभर पाऊस नाही, समुद्रावरून येणाऱ्या धुक्यावर जगते ती वेल, आणि कितीही तापलं तरी आंबटपणा सोडत नाही. दुसरं मोस्कोफिलेरो, साल गुलाबी पण वाइन पांढरी, आणि बाटली उघडली की वास गुलकंदाचा. तिसरं तिचं लाडकं, झिनोमावरो. म्हणजे आंबट-काळं. उशिरा पिकतं, रुसतं, जरा लाड केले की फुगून बसतं. वास घेतला की सुकवलेला टोमॅटो, ऑलिव्ह, आणि मागून आमसुलं. आमसुलं हे माझं बरं का. मावशीने ती कधी पाहिली नव्हती, मग मी घरच्या डब्यातली नेऊन दिली. चोखून म्हणाली, हो, हेच. माझे वडील काय लावायचे असं तिने विचारलं तेव्हा मी थॉमसन म्हटलं. 'पांढरी? लांबट? बिनबियांची? अगं, ती आमची सुल्तानिना!' क्रीटला तिच्या आत्याकडे हीच द्राक्षं पोटॅशच्या पाण्यात तेल घालून बुडवायचे आणि मग बेदाणा करायला उन्हात पसरायचे. आबा, अगदी आपलंच. फक्त त्यांचं तेल ऑलिव्हचं.

आता पिण्याचं. बागेत हात घालायचा तर चव कळायला हवी, असं मावशीने बजावलं आणि मी अडकले. पण या धंद्यात एक पद्धत आहे, सगळेच पाळतात. घोट तोंडात घ्यायचा, घोळवायचा, आणि पायाशी ठेवलेल्या बादलीत थुंकायचा. मी म्हटलं, सुटले! गिळलं नाही म्हणजे प्यायले नाही. तुम्ही एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीवर ताव मारून वर उपास आहे म्हणायचात, त्यातलंच हे. तेव्हा मी चाखते, अगदी मन लावून चाखते, आणि थेंब न थेंब थुंकते. मावशीला हसू आवरत नाही. 'तुझा बाप त्या बादलीत डोकावून बघत असेल,' म्हणते. घरी नवरा म्हणतो, 'जगातली पहिली माळकरी वाइनवाली होणार तू.' पुण्याचा आहे तो, त्याचं कौतुकसुद्धा असंच येतं.

जीपमधून आलेला तो वाइन कंपनीचा माणूस आठवतो तुम्हाला? मी आठवीत असेन. चहाचे कप घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. तो सांगतोय, दोन एकर आमच्या जाती लावा, रोपं आम्ही देतो, सगळा माल आम्ही उचलतो. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, त्याच्या हातात एक घड ठेवलात आणि म्हणालात, 'सायेब, च्या घ्या, द्राक्षं खावा. पर आमची द्राक्षं पोरं खात्यात. बाटलीत न्हाई घालायची.' आई आतून तुमच्याकडे कौतुकाने बघत होती, ते मला अजून दिसतं. त्याच वर्षी तुम्ही मला पहिल्यांदा विरळणीला उभं केलंत. घडातले निम्मे मणी कापायचे, म्हणजे उरलेले फुगतात. मला जमेना. पायाखाली हिरव्या मण्यांचा सडा पडलेला. मी एक घड पानाआड तसाच ठेवला. तुम्हाला तो सापडलाच. 'अशी दया करत बसलीस तर बाग व्हायची न्हाई,' एवढंच बोललात, पण सगळ्या बायकांसमोर, आणि मला रडू फुटलं. संध्याकाळी मात्र खिशातली तुमची बारीक टोकाची कात्री काढून माझ्या हातात दिलीत. 'तुझा हात हलका हाय. उद्यापास्नं ही वापर.' ती कात्री मी साड्यांच्या घडीत घालून इकडे आणली. आत्तासुद्धा गाडीत आहे.

तर ही हलक्या हाताची तुमची मुलगी मागच्या उन्हाळ्यात काय करून बसली ते ऐका. मावशी लेकीच्या बाळंतपणाला नॉर्थ कॅरोलायनाला गेली. लेक तिकडे कॅरीला औषधांच्या कंपनीत आहे, बागेत पाऊल टाकलं की तिला शिंका सुरू होतात. जाताना मावशीने बजावलं, झिनोमावरोला पाणी देऊ नकोस. मी हो म्हटलं. शनिवारी जाऊन बघते तर दुपारच्या उन्हात शेंड्यांनी माना टाकलेल्या, मणी एवढे एवढेसे. अहो, बघवेना मला! आपल्याकडे असा माल दिसला असता तर तुम्हाला जेवण गेलं नसतं. मी ड्रिपचा व्हॉल्व्ह उघडला. जरासा म्हणून उघडला, पुढच्या शनिवारीही उघडला, आणि मग मधल्या वारी रजा टाकून जायला लागले. मणी काय फुगले! टपोरे, चकचकीत. तुमच्यासारखा घड तळहातावर तोलून मी फोटो काढला आणि मावशीला पाठवला. ती परत आली ती बॅगसुद्धा खाली न ठेवता ओळीत शिरली, एक मणी तोंडात टाकला आणि त्याची साल बोटावर काढून बघितली. 'देखणे आहेत. बाजारात घेऊन बस.' मग ओरडली, ग्रीकमध्ये, बराच वेळ. नंतर इंग्रजीत समजावलं, की रंग आणि चव असते ती सालीत. मणी फुगला की आत पाणीच पाणी, त्याची लाल वाइन कसली होतेय. मी तिथेच मातीत बसून रडले, आठवीतल्यासारखी. तुम्ही शिकवलेलं सगळं मी नीट केलं होतं आणि सगळं चुकलं होतं. शेवटी मावशीने तो माल टाकून दिला नाही. रस काढला, साली लगेच बाजूला केल्या, आणि त्याची फिकी गुलाबी वाइन करून ठेवली.

आणि एवढं होऊनही यंदा दिवाळीनंतर ती म्हणाली, बाग तू घे. तिचे गुडघे आता ओळींमधून चालत नाहीत, लेकीकडे जायचं ठरलंय. शेजारचा बागवाला ही बाग मागतोय, पण तो या वेली उपटून फ्रेंच जाती लावणार. 'उपटलेल्या मला बघायच्या नाहीत. आपण कागदपत्रं रीतसर करू. छाटणीच्या आधी सांग.' मी म्हटलं, मावशी, मी तर वाटोळं केलं तुझं. 'म्हणूनच,' ती म्हणाली. 'तू पुन्हा करणार नाहीस.' गाडीत बसले आणि मला हुंदका आला, आबा, आणि कशाने ते कळायला घरी पोचेपर्यंत वेळ लागला. मला तुमचा राग आला होता. मला पुण्याला इंजिनिअरिंगला धाडलंत, 'तुजं तिकडं बरं हुईल, बागेचं दादा बघंल' म्हणालात. दादाला बागेचा कंटाळा आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. तुम्ही गेलात, दिवस झाले, आणि दादाने हक्कसोडीचा कागद पुढे केला. बहिणीने भावासाठी हक्क सोडायचा, सगळ्याच सोडतात, न सोडणारीचं माहेर तुटतं. ओट्याशी उभी राहून मी सही केली, हाताला चपात्यांचं पीठ तसंच. दादाने पुढे बाग काढली. आता तिथे प्लॉट पडलेत. त्याचंही मला तेवढं वाटत नाही. पण तुम्ही एकदा, एकदाच विचारायला हवं होतंत, पोरी, तुला बाग पाहिजे का? कदाचित मी नाहीच म्हटलं असतं. पण विचारायला हवं होतंत.

तरी परवा मी नकार द्यायचा ठरवूनच निघाले होते. कारणं सगळी तयार होती. नोकरी, तीन तासांचा ड्राइव्ह, वय, आणि तुम्ही. नवरा म्हणाला, 'नीट विचार कर, सोमवारी आठला मीटिंग असते तुझी.' मुलगा फोनमधून मान वर न काढता म्हणाला, 'मॉम, यू आर ऑलरेडी डूइंग इट.' मावशी ओळीच्या टोकाला स्टुलावर बसली होती. मी तिच्यासमोर उभी राहिले, नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडून निघालं, 'खालच्या ओळींची छाटणी उशिरा करू. तिथे थंडी साचते, लवकर फुटल्या तर कोंब जळतील.' मावशीने मान डोलावली. मग स्टुलाखालून माझ्या चुकीची ती गुलाबी बाटली काढली आणि दोन ग्लास भरले.

हे पत्र पाठवायचं कुठे? बागेच्या पत्त्यावर आता लोकांची घरं आहेत, कोणी तरी उघडून वाचायचं आणि घाबरायचं. कात्रीबरोबर गाडीतच ठेवून देते. वाइनची द्राक्षं लावणार म्हणून तुम्ही रागावणार असाल तर रागवा, मीही तुमच्यावर रागावले आहे, फिटंफाट झाली. एकच सांगायचं राहिलं. त्या गुलाबी घोटाला मागून आमसुलांचा वास होता, पाणी पाजूनसुद्धा राहिला होता. बादली माझ्या पायाशीच होती, आबा. मी थुंकले नाही.