रोशनीची बेंबी

एटापल्ली, २००४

आदरणीय अंजनाबाई,

आमची रोशनी सहा दिवसांची असताना तुमी नर्सबाई म्हणून तिले तपासायले घरी आल्या होत्या. तिची सुजलेली बेंबी पाहून म्हणाल्या, "भाऊ, आत्ताच सुई द्या लागते. ही सूज मेंदूत चढते."

तुमच्या जातीचा विटाळ मानून मी म्हटलं, "आमच्या लेकराले हात नोका लावू," अन् दार लावून घेतलं. बायको आत झोपून होती.

दोन दिवसांनी रोशनीले झटके आले. आता ती पाच वर्षांची आहे, पण अजून मान धरत नाई.

बायकोले मी सांगतलं, नर्सबाई आलीच नाई. ती आजही तुमालेच शिव्या देते, अन् मी ऐकून घेतो.

हे पत्र पाठवलं तर तुमचं उत्तर तिच्या हाती पडेल, म्हणून पाठवत नाई.

तुमाले दारातून परतवणारा,
हेमराज