झुरिकला कोण गेलं

ऑस्लो, ४ मे १९६३

चि. ओस्नेस,
अ. आ. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून फुगून बसू नकोस. बातमी ऐकलीस की राग जाईल. जूनमध्ये झुरिकला हिमनद्यांच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय सभा भरते आहे आणि आमच्या संस्थेतून मला पाठवताहेत. संचालकांनी खोलीत बोलावून सांगितलं, तेव्हा मी आधी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कोणाशी बोलताहेत की काय म्हणून.

नऊ उन्हाळे घरामागच्या बर्फात काठ्या रोवून पोरीनं काय मिळवलं, असं आई विचारते ना, तिला सांग. आपली हिमनदी आक्रसत चालली असं सगळे म्हणतात. खाली आक्रसते आहे खरी, पण वर तिच्या पोटात बर्फ साठतो आहे. काही वर्षांनी ती पुन्हा दरीत उतरणार. हे अजून कोणी म्हटलेलं नाही. ते मी म्हणणार, तेही इंग्रजीत. रोज आरशासमोर उभी राहून सराव करते. शेजारच्या बाईंना वाटतं, माझ्याकडे कोणी परदेशी पाहुणा उतरला आहे.

पासपोर्टावरच्या फोटोत मी मेंढ्या चोरताना पकडल्यासारखी दिसते. माझ्याकडे सगळे बूटच आहेत, सभेत घालायची चप्पल एकही नाही. पडद्यावर दाखवायच्या काचेच्या चित्रपट्ट्या लोकरी मोज्यांत गुंडाळून पेटीत ठेवल्या आहेत. त्यात तुझ्या होणाऱ्या नवऱ्याची मोठी मदत. स्वेरे रोज आमचं ऑफिस सुटल्यावर बसून माझं भाषण ऐकतो आणि अवघड शब्द काढायला लावतो. पोरगा गुणाचा आहे. तू त्याला फार छळू नकोस.

आईचा खोकला कसा आहे? गाई कुरणावर कधी न्यायच्या? सविस्तर लिही. माया आहेच, पत्रातून दिसू दे एवढंच.

तुझी,
इंगुनताई

*

यूस्तेडाल, १३ मे १९६३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी आईला दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा ती भांडी घासत राहिली. दुसऱ्यांदा म्हणाली, तिकडच्या लोकांना आपल्या बर्फाशी काय करायचंय, त्यांच्याकडे त्यांचा नाही का. पण दुपारी लोकर काढून बसली. तुझ्यासाठी करड्या रंगाचं जाकीट विणते आहे, चांदीची बटणं लावायची म्हणते. स्वित्झर्लंडात तू मेंढीसारखी दिसलीस तर दोष तिचा, माझा नाही.

इकडे बर्फ वितळून गोठ्यात पाणी शिरलं होतं. तांबडी व्याली, कालवड झाली. आईचा खोकला तसाच आहे, वाईट नाही. स्वेरेचं पत्र येतं, त्यातही निम्मं तुझ्याच भाषणाचं असतं. कधी कधी वाटतं लग्न त्याचं माझ्याशी ठरलंय की तुझ्या हिमनदीशी.

तू नक्की कोणत्या दिवशी निघणार ते कळव. जाकीट वेळेवर टपालात घालायला हवं. लहान बहिणीला विसरू नये.

तुझी,
ओस्ने

*

यूस्तेडाल, ३ जून १९६३

ती. ताईस,
सा. न.

घाईत लिहिते आहे. आई परवा गोठ्यात कोसळली. डॉक्टर मिक्लेबुस्ट येऊन गेले. छाती कमजोर झाली आहे म्हणाले, लांबच्या मुलीला बोलावून घ्या म्हणाले. आई तुझं नाव घेते. तुझ्या सभेचं मला कळतं, पण सभा पुन्हा येईल. पत्र मिळताच नीघ. फ्लोमहून येणाऱ्या बोटीवर तुला घ्यायला मी येते.

ओस्ने

*

ऑस्लो, २५ जून १९६३

ओस्ने,

मायना काय लिहावा ते सुचलं नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं.

मी आले तेव्हा आई अंथरुणात होती. दुसऱ्या दिवशी उठून तिनं माझ्यासाठी सायीची खीर केली. तू म्हणालीस की धोका टळला, डॉक्टरांनाही नवल वाटलं असेल. मला इतका आनंद झाला की मी पुढे काही विचारलं नाही. सभेच्या दिवशी आपण दोघी कुंपण दुरुस्त करत होतो आणि मी तुला सांगत होते की आत्ता स्वेरे माझं भाषण वाचत असेल. तू खिळे हातात घेऊन ऐकत होतीस.

परत येताना बोटीवर डॉक्टर भेटले. मी त्यांचे आभार मानले. ते गोंधळले. म्हणाले, ईस्टरनंतर ते आपल्या घराची पायरी चढलेले नाहीत. म्हाताऱ्या माणसाचा विसराळूपणा असेल, असं मी स्वतःला समजावलं. पार ऑस्लोपर्यंत समजावलं.

काल हॉलंडहून योहाना फेनस्ट्रा यांचं पत्र आलं. त्याही हिमनद्यांवर काम करतात, आमचा बरीच वर्षं पत्रव्यवहार आहे. त्यांनी लिहिलं आहे की स्वेरेनं भाषण छान वाचलं. स्वतःचं म्हणून वाचलं. शेवटी आभार मानताना माझं नाव घेतलं, काठ्या रोवायला मदत केली म्हणून. मग कोणीतरी विचारलं, वरच्या काठ्या डावीकडे का सरकतात. त्याला सांगता येईना. त्याला उंचीची भीती वाटते, वरच्या बर्फावर तो कधी चढलेलाच नाही, हे तुला ठाऊक आहेच. बाईंना तिथेच संशय आला.

तुमच्याकडे निघताना स्टेशनवर पेटी मीच त्याच्या हातात दिली होती. माझ्या नावानं वाच, असं सांगितलं होतं. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली, लहान मूल घ्यावं तशी.

तो परत आल्यापासून रजेवर आहे. म्हणून तुला विचारते. तुला यातलं काय माहीत होतं, ते सरळ लिही.

इंगुन

*

यूस्तेडाल, १ जुलै १९६३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सरळ विचारलंस, मीही सरळ लिहिते. मला सगळं माहीत होतं. त्याचं नाव लागणार हेही. तुला घरी बोलावण्याची कल्पना त्याची, डॉक्टरांचं नाव घालायची माझी.

बर्गनच्या विद्यापीठात एक जागा निघणार होती. झुरिकला जो चार लोकांच्या नजरेत भरेल, त्याला ती मिळणार असं स्वेरे म्हणाला. आता मिळाली आहे. तुझी नोकरी पक्की आहे, तुला नाव आहे, हॉलंडहून पत्रं येतात. मला कुठून येतात? तू शिकायला गेलीस तेव्हा मी अकरा वर्षांची होते. दर उन्हाळ्यात तू यायचीस, बर्फावर जायचीस, माझ्या हातचं जेवायचीस आणि म्हणायचीस की ओस्ने आहे म्हणून घर आहे. कधी विचारलंस का, ओस्नेला घर व्हायचं होतं का?

एका सभेनं तुझं काय गेलं? माझं सगळं आयुष्य त्यावर होतं. तू मागितलं असतंस तर मी दिलं असतं. तू दिलं नसतंस, म्हणून मागितलं नाही.

सप्टेंबरमध्ये लग्न आहे. तू यावंस असं मला वाटतं. राग गेला तर ये, नाही गेला तरी ये.

तुझी,
ओस्ने

*

यूस्तेडाल, २१ जुलै १९६३

चि. इंगुनला आईचे अ. आ.

मला लिहायची सवय नाही, हे तुला ठाऊक आहे. ओस्ने कुरणावर आहे, म्हणून माझी मीच बसले.

स्वेरे परवा लग्नाचं बोलायला आला होता. जेवताना मी त्याला म्हटलं, परदेशात काय सांगितलंस ते मलाही सांग. त्यानं सांगितलं, बर्फ कसा साठतो, नदी कशी उतरणार. चांगलं सांगितलं. सगळे तुझेच शब्द, मागच्या उन्हाळ्यात याच टेबलाशी ऐकलेले. मी विचारलं, हे कोणी शोधलं. तो म्हणाला, दोघांनी मिळून. मी त्याचं ताट उचललं. सकाळच्या बोटीनं तो गेला. ओस्ने माझ्याशी बोलत नाही. लग्न मात्र मोडलेलं नाही आणि मी मोडणारही नाही. तिचं वय चाललंय.

आता माझं ऐक. मी गोठ्यात पडले नव्हते. ओस्ने म्हणाली, ताईला बोलावू या, तू दोन दिवस अंथरुणात राहा. मी राहिले. कोणी मला बांधून ठेवलं नव्हतं. स्वेरेचं मला काही ठाऊक नव्हतं, पण तुझी सभा ठाऊक होती. मला वाटलं, सभा काय होत राहतील, पोर घरी येईल. तू दारातून धावत आलीस, माझे हात चोळत बसलीस, तेव्हाच सांगायला हवं होतं. पण बरं वाटत होतं गं. इतक्या वर्षांत तू माझ्यापाशी अशी बसली नव्हतीस.

सप्टेंबरनंतर मी इथे एकटी. लग्नाला ये. आईवर फार दिवस रुसू नये.

आई

*

ऑस्लो, ४ ऑगस्ट १९६३

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. ओस्नेच्या पत्राचा मला राग आला होता. तुझं वाचून राग नाही आला, नुसतं बसावंसं वाटलं. ऑफिसात त्या दिवशी काही काम झालं नाही.

संचालकांकडे मी तक्रार केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, स्वेरे आता तुमच्याच घरातला होणार, नाव घरातच राहिलं, चारचौघांत वाच्यता करून संस्थेची शोभा कशाला करायची. सभेच्या छापील पुस्तकात नाव त्याचंच राहणार. मी पुन्हा लिहिलं आहे, पण फार आशा धरलेली नाही.

फेनस्ट्राबाईंनी मला नोव्हेंबरमध्ये उट्रेख्टला बोलावलं आहे. काठ्या डावीकडे का सरकतात, ते मी तिथे स्वतः सांगणार आहे. सभा लहान आहे, वीसेक माणसं असतील. मी जाणार.

लग्नाला येणार नाही. ओस्नेला माझ्याकडून चांदीचे चमचे पाठवते आहे. ती सुखी व्हावी असं मला खरंच वाटतं, फक्त ते पाहायला मला जमणार नाही. ऑगस्टअखेर मोजमापासाठी दरीत येईन, पण तंबू हिमनदीपाशीच टाकणार आहे. एका संध्याकाळी तुला भेटायला येईन. खीर करू नकोस.

तू तिथे एकटी राहणार याची मला काळजी आहे, रोज असते. म्हणून डॉक्टर मिक्लेबुस्टना मी लिहिलं आहे आणि त्यांनी कबूल केलं आहे. यापुढे तू आजारी पडलीस तर मला त्यांनीच कळवायचं. घरच्या पत्रावर मी निघणार नाही.

जपून राहा.

तुझी,
इंगुन