वरची खोली

लेस्टर

दादा, वहिनी, येशूत सलाम.

एका रविवारी सकाळी मी भाकरी थापत होते आणि हे भारतातून नुकत्याच आलेल्या नर्सचे बूट पुसत होते. ती लाजली, तर म्हणाले, "पोरी, देवळात चिखल घेऊन जातेस व्हय?" तिच्यासारखंच भारतातून आलेलं, आमच्या चर्चच्या मंडळीतलं प्रत्येक माणूस पहिला महिना आमच्या वरच्या खोलीत राहिलं.

परवा ह्यांच्या स्मरणसभेत सगळी मंडळी ह्यांच्या मानासाठी उभी राहिली. माझी मान ताठ होती, दादा. मी वेळेवर जेवते. वहिनीचा गुडघा कसा आहे?

घर विकून कोडोलीला ये, असं तुम्ही लिहिलंत. मी तयारही होते, घरविक्रीच्या एजंटशी बोललेही होते. पण सभेनंतर गगनबावड्याचा याकोब म्हणाला, "काकू, माझी बहीण पुढच्या महिन्यात येतीया. तिनं कुठं उतरायचं?"

दुसऱ्या दिवशी मी एजंटला फोन करून सांगितलं, घर विकायचं नाही.

तुम्हा दोघांसाठी रोज प्रार्थना करणारी,
मार्था