एकविसाव्या जोडीतलं तिसरं

प्रिय दादा,

‘प्रिय’ लिहिताना हात अडला, पण सवय जात नाही. तुझ्या रक्ताची नळी मिळाली, चिठ्ठीही मिळाली. तुझ्या लेकीत, चिमीत, जे जास्तीचं गुणसूत्र आलंय ते तुम्हा दोघांपैकी कुणाकडून हे मी शोधायचं, त्यासाठी वहिनीचं रक्त काहीतरी निमित्त काढून घ्यायचं आणि तिला कळू द्यायचं नाही! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

सतरा वर्षं प्रयोगशाळेत मी काय करते हे तू कधी विचारलं नाहीस, तर आता ऐक. पेशीतल्या गुणसूत्रांचा फोटो काढायचा, एकेक सुटं करून जोड्या लावायच्या. तेवीस जोड्या. लहानपणी आपण धुतलेले मोजे जुळवायचो तसं. तेव्हाही तू उरलेला मोजा पलंगाखाली ढकलून मोकळा व्हायचास. चिमीच्या जोड्या मीच लावल्या. एकविसाव्या जागी तीन निघाली, म्हणून दुसरी पेशी घेतली, मग वीस पेशी मोजल्या. सगळीकडे तीनच, म्हणजे डाउन सिंड्रोम. त्या दिवशी डबा तसाच परत आणला.

बीजपेशी तयार होताना प्रत्येक जोडी सुटून एक इकडे, एक तिकडे जायला हवं. कधीकधी एखादी जोडी सुटतच नाही, दोन्ही एकीकडेच जातात. बाईचं वय वाढलं की हे जास्त घडतं, पण तरुणपणीही घडतं, पुरुषाकडूनही घडतं. वहिनीने काय खाल्लं, नोकरी का सोडली नाही, याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. आई ‘आमच्या घराण्यात असं कुणी नव्हतं’ म्हणत होती आणि तू मान खाली घालून चहा पीत होतास. मीही तिथेच होते आणि गप्प बसले, त्याची मला लाज वाटते.

सहा आठवडे झाले, दोघी माझ्याकडे आहेत. चिमी दूध ओढताना दमते, कपाळावर घाम येतो. तू एकदाही फिरकला नाहीस. तरी दाराची बेल वाजली की वहिनी आधी केस नीट करते.

हो, शोधता येतं. त्या गुणसूत्रांवरच्या खुणा आईबापांच्या खुणांशी जुळवल्या की बहुतेक वेळा कळतं. तुझंच निघावं आणि ते तुझ्या तोंडावर फेकावं, असं मला फार वाटत होतं. पण खोटं बोलून तिच्या दंडाला पट्टा बांधवेना, म्हणून तुझी चिठ्ठीच तिच्या हातात दिली. ती लंगोटांच्या घड्या घालत होती. वाचून म्हणाली, “नका बघू. त्यांच्याकडून आलेलं निघालं, तर त्यांना सोसायचं नाही.”

तुझी नळी मी कचऱ्यात टाकली.

चिमीच्या हृदयाला छिद्र आहे. गुरुवारी सकाळी आठला ऑपरेशन आहे, हे कळवायला लिहितेय. कागदांवर वहिनीने सही केली आहे, तुझ्यावाचून काही अडलेलं नाही. फक्त चिमीला आत नेतील तेव्हा वहिनीशेजारी कुणीतरी उभं राहायला हवं. मी असेनच. पण मला बघून ती केस नीट करत नाही.

तुझीच, नाइलाजाने,
धाकटी